नवरा सुटतो कसा? नाटकातल्या बायकांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या नाटकांतल्या नायिका इतक्या रडतात का यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेल यायला सुरुवातच झाली. काही प्रेमाने लिहिलेली, काही चांगलीच तापलेली. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही म्हणून थोडेच प्रश्न घेतलेत, आणि पत्रं लांबलचक होती म्हणून कापलीयत, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी टीवायला मराठी घेतलंय, आम्हाला 'एकच प्याला' आहे. सर म्हणतात नाटक दारूबद्दल आहे आणि सिंधू म्हणजे आदर्श पतिव्रता. मला तर वाचताना सिंधूचा रागच येत होता. वर्गात बोलले तर सगळे हसले. माझं चुकतंय का? (विद्यार्थिनी, अहिल्यानगर)

उत्तर: अगं राग यायलाच हवा, फक्त तो सगळा सिंधूवर काढू नकोस, नाहीतर सुधाकर परत सुटेल.

नाटकात होतं काय बघ. सुधाकर हुशार वकील, कोर्टात अपमान होतो, डोकं फिरतं, तळीराम पेला पुढे करतो आणि तिथून जी घसरण सुरू होते ती थेट शेवटपर्यंत. सिंधू खात्यापित्या घरची लेक, भाऊ पद्माकर मदत करायला तयार, माहेरी चल म्हणतोय, पण ती नवऱ्याचे पाय सोडायला तयार नाही, माहेरचा पैसा नको म्हणते आणि लोकांचं दळण दळून घर चालवते. शेवटी नवऱ्याच्या हातून तान्हं मूल जातं, ती स्वतः मरायला टेकलेली, आणि तेव्हासुद्धा त्याला वाचवायला ती पोलिसांपुढे खोटं सांगते. आणि नाटक आपल्याला सांगतं की हे सगळं दारूने केलं.

आता तू असं करून बघ, दारू बाजूला काढ आणि उरलेलं घर बघ. सुधाकर शुद्धीवर असतानाचं घर. त्या घरातही शब्द त्याचाच चालतो, बायको त्याच्या मर्जीवर, आणि घरात बहीण आहे शरद, बालविधवा, तिचं पुढे काय करायचं हा बाकीच्यांनी ठरवायचा विषय. म्हणजे सुधाकरला बिघडवलं दारूने हे मान्य, पण सिंधूला ज्या खुंटीला बांधलंय ती खुंटी दारूच्या आधीपासूनच तिथे आहे, त्याबद्दल नाटक एक अक्षर बोलत नाही. उलट तिच्या तिथून न हलण्यावरच प्रेक्षकांच्या डोळ्यात पाणी आणतं. गडकरी लिहिणारे जबरदस्त होते, प्रश्नच नाही, आणि म्हणूनच तर हे इतकं आत जाऊन बसलं. १९१९ च्या जानेवारीत ते गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत गंधर्व मंडळीने नाटक स्टेजवर आणलं, सिंधू अर्थातच बालगंधर्व, आणि पुढे किती पिढ्यांनी ती सिंधू बघून घरातल्या सुनांना तिचे दाखले दिले असतील देव जाणे.

गीताचे सीन नीट वाच. तळीरामाची बायको. नवरा दारूडा हे दुःख दोघींचं सेम, पण गीता तोंडाने फटकळ आहे, जे वाटतं ते बोलून टाकते. आणि ती पडली नोकरमाणसांतली, म्हणून तिच्या वाट्याला थोडं हसू येतं. मोठ्या घरच्या बाईने सोसायचं आणि खालच्या घरच्या बाईने बोलायचं ही वाटणी कोणी केली, यावर दोन पानं लिहिलीस तरी सर मार्क कापणार नाहीत. कापलेच तर कळव.

प्रश्न: तुम्हा आजकालच्या लोकांना जुन्यात फक्त दोष दिसतात. आमच्या हरिपूरच्या देवलांनी १८९९ साली 'शारदा' लिहून म्हाताऱ्यांच्या लग्नांवर कोरडे ओढले. सरकारला 'शारदा कायदा' करावा लागला तो त्या नाटकामुळे. हे तुम्ही का नाही लिहीत? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: काका, कायद्याचं आधी सांगते कारण हे मी अनेकांकडून ऐकलंय. १९२९ चा तो बालविवाहविरोधी कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांनी मांडला, त्यांच्या आडनावावरून तो ओळखला जातो. मुलीचं वय कमीत कमी १४ आणि मुलाचं १८ हवं असं त्यात होतं. आपल्याकडे सारडाचं शारदा झालं, आणि नाटक सगळ्यांच्या तोंडी होतंच, त्यामुळे दोन्हीची गाठ बसली. देवलांचं मोठेपण त्याने काही कमी होत नाही.

उलट ते किती मोठं ते आधीचा काळ बघितला की कळतं. 'शारदा' यायच्या फक्त ८ वर्षं आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला, वय १० वरून १२ वर न्यायचं एवढंच, तर त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं, टिळकांसारखा माणूस विरोधात उभा होता. अशा हवेत पैशासाठी पोरगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप स्टेजवर आणायचा, आणि तोही भटाब्राह्मणाच्या घरातला, याला धमक लागते.

पण आता शेवट आठवा. भुजंगनाथ पाऊणशे वयाचा, शारदा कोवळी पोर, बाप कांचनभट पैसे मोजून घेतोय, भद्रेश्वर दलाली करतोय, शारदा भीतीने गोठलीय, आई इंदिराकाकूला हे बिलकूल पसंत नाही पण तिला विचारतंय कोण. आणि लग्न मोडतं ते कशाने, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून! म्हणजे शास्त्रात बसत नाही म्हणून. बरं मग गोत्र वेगळं असतं तर? म्हाताऱ्याने अक्षता टाकून घेतल्याच असत्या ना. आईचं नको म्हणणं, खुद्द मुलीचं नको म्हणणं, या लग्नाविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुण कोदंडाचा एवढा आरडाओरडा, यातल्या एकाच्याही जोरावर ते लग्न थांबत नाही. पुढे शारदा जीव द्यायला निघते, कोदंड वाचवतो, आणि मग त्यांचं लग्न लागायलाही शंकराचार्यांची संमती लागते. देवलांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही, त्यांना प्रेक्षक घरी शांतपणे पाठवायचा होता बहुतेक, आणि त्या काळात दुसरी वाट सापडणं अवघडच होतं. दोष म्हणून नाही सांगत मी हे. त्या शेवटात त्या काळचा समाज नेमका किती पावलं पुढे यायला तयार होता ते दिसतं, म्हणून सांगते.

प्रश्न: हे सगळं इंग्रज आल्यानंतरचं आहे ना? संस्कृत नाटकांत स्त्रिया किती तेजस्वी आहेत! शाकुंतल बघा. (संस्कृतची अभ्यासक, पुणे)

उत्तर: शाकुंतलच बघूया मग, तुम्ही स्वतःच काढलंत ते बरं झालं.

महाभारतातली शकुंतला आठवा. मुलाला घेऊन दरबारात येते, राजा ओळख नाकारतो, तर ती भर दरबारात त्याची अशी हजेरी घेते की बास. तिथे शाप नाही, अंगठी नाही. शेवटी आकाशवाणी होते आणि मग दुष्यंत कबूल करतो की मला सगळं आठवत होतं, लोक काय म्हणतील म्हणून नाही म्हणालो. म्हणजे चक्क खोटं बोलत होता. कालिदासाला असा नायक परवडणारा नव्हता, म्हणून दुर्वास आले, शाप आला, अंगठी माशाच्या पोटात गेली आणि राजाच्या अंगावरचा डाग धुतला गेला. वर शाप बसला कशामुळे, तर शकुंतला प्रियकराच्या विचारात हरवली आणि अतिथीकडे लक्ष गेलं नाही म्हणून. तो विसरला आणि चूक तिची.

चौथ्या अंकातला कण्वांचा उपदेश तर आपण इतका गोड मानतो की लग्नात मुलीला पाठवताना म्हणायची पद्धत होती. त्यात काय आहे, सवतींशी मैत्रिणीसारखं वाग, नवऱ्याने दुखावलं तरी रागावून उलट जाऊ नकोस. आणि पाचव्या अंकात राजा नाकारतो तेव्हा तिच्याबरोबर आलेला शारद्वत, म्हणजे माहेरचा माणूस हं, तो म्हणतो बायको ठेव नाहीतर टाक, बायकांवर नवऱ्याची सत्ता सगळीकडून असते, आणि त्याच्याबरोबरचा शार्ङ्गरव तिला म्हणतो तू शुद्ध असशील तर सासरची दासी होऊन राहणंही तुला चालण्यासारखं आहे. आणि तिला तिथेच सोडून हे लोक निघून जातात. तिथे ती राजाला अनार्य म्हणते हे खरंय, तेवढा एक क्षण तिचा आहे, मला फार आवडतो तो. पण कालिदास श्रेष्ठ कवी आहे आणि त्याने राजाला अलगद सोडवलंय, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायला काय हरकत आहे. तेच शाकुंतल १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठीत आणलं आणि आपलं संगीत नाटक सुरू झालं, म्हणजे शाप, दारू, गोत्र ही सगळी सबबींची वंशावळच म्हणायची.

प्रश्न: बालगंधर्वांसारखं बाई होणं बायकांनाही जमलं नसतं, मग पुरुषांनी स्त्रीभूमिका केल्या यात अन्याय कसला? (मेलवरून)

उत्तर: गळा आणि अभिनय दोन्ही अफाट, वादच नाही. पण पदर कसा घ्यायचा, मान किती झुकवायची हे घरंदाज बायका स्टेजवरच्या पुरुषाकडे बघून शिकत होत्या आणि खऱ्या बाईने स्टेजवर पाय ठेवला तर मात्र ती वाईट चालीची, हा प्रकार विचित्र नाही वाटत तुम्हाला? बंगालमध्ये बालगंधर्वांच्या आधीच बायका कामं करत होत्या, तर तिथली नटी बिनोदिनी दासी, तिच्यावर जीव असलेल्या श्रीमंत माणसाने थिएटरसाठी पैसा घातला, तिला सांगितलं होतं की थिएटरला तुझं नाव देऊ, १८८३ मध्ये उघडलं तर नाव 'स्टार'. बदनाम बाईचं नाव पाटीवर कसं लावणार. २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंगाल सरकारने ते नाव बिनोदिनीचं करायचं जाहीर केलं. आपल्याकडे १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं त्यात ज्योत्स्ना भोळे वगैरे बायकाच बायकांच्या कामात होत्या, आणि गंमत म्हणजे नाटकाचा विषयही तोच, की लग्नाआधीचं चारित्र्य फक्त मुलीचंच का तपासता.

प्रश्न: आमचा नाशिकचा हौशी ग्रुप यंदा 'शांतता! कोर्ट चालू आहे' करतोय. बेणारे करणारी मुलगी म्हणते की शेवट फार हतबल आहे, बेणारेने सगळ्यांना सुनावून दार उघडून निघून जावं असं करूया. दिग्दर्शक म्हणून मला पटतंय. करू का? (एक दिग्दर्शक)

उत्तर: नका करू. एक तर करताच येणार नाही. तेंडुलकर २००८ साली गेले, लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, संहितेत असा बदल त्यांच्या परवानगीशिवाय चालत नाही. शिवाय आपल्याकडे प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, ते ज्या संहितेला मिळतं तीच करायची असते. या मंडळाचे किस्से सांगायला बसले तर अंक पुरणार नाही, तेंडुलकरांच्याच 'गिधाडे'च्या वेळी माणिकच्या साडीवरचा लाल डाग खुपला, तर दिग्दर्शक डॉ. लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी सांगून टाकलं की हा लाल समजा.

पण कायदा सोडा, नाटक म्हणूनही ते चुकेल. त्या मुलीला जे खटकतंय ना, तेंडुलकरांनी तेच मुद्दाम ठेवलंय. पहिला सीन उघडून वाचा, गावात प्रयोग करायला आलेल्या नाटकमंडळीतली ही मास्तरीण बेणारे हॉलमध्ये येते तीच कडीत बोट चेमटून. कडी. पुढे तिला बाहेर पडायचं असतं तेव्हा दार उघडत नाही. पहिल्या पाच मिनिटांत तेंडुलकरांनी सांगून ठेवलंय आणि आपलं लक्ष नसतं, कारण ती तेव्हा हसत असते, सगळ्यांच्या नकला करत असते. आणि त्या नकलाच तिला नडतात. सुखात्मेची वकिली चालत नाही, पोंक्षे इंटर सायन्सला आपटलेला, काशीकरांना मूल नाही, कर्णिक कसला नट, हे ती हसत हसत सगळ्यांपुढे बोलून बसलीय. मग हेच लोक टाइमपास म्हणून खोटा खटला भरतात, आरोप भ्रूणहत्येचा, आणि खेळता खेळता तिचं खरं आयुष्य बाहेर काढतात. सामंत तर बिचारा गावातला भोळा माणूस, साक्ष द्यायची म्हणून हातातल्या कादंबरीतलं वाचून दाखवतो आणि ते नेमकं तिच्याशी जुळतं! तो सीन तालमीत हसत करा, प्रेक्षकही हसले पाहिजेत, तरच पुढे घशात अडकेल. बेणारेला ओढून पिंजऱ्यात कोण नेतं, तर काशीकरबाई. हा रोल बऱ्याच ग्रुपमध्ये विणकाम करणारी विनोदी काकू म्हणून उरकतात, तो चांगल्या नटीला द्या.

आणि दामले. प्रोफेसर दामले, लग्न न झालेल्या बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप, त्याला साक्षीला पुकारतात आणि तो नाटकात येतच नाही. मघाशी शाप, दारू असं म्हणत होते ना, इथे तसलं काहीच नाहीये, दामलेला कोणत्याही ऋषीने शाप दिलेला नाही, कोणी पेला पुढे केलेला नाही. तो नुसता गैरहजर आहे आणि त्याला काहीही होत नाही. त्याची रिकामी जागा दिसेल अशी बसवा, लाइट वगैरे मारून सिंबॉलिक करू नका प्लीज.

स्वगताबद्दल. तेंडुलकरांना ते लिहायचंच नव्हतं असं सांगतात, बेणारे गप्पच राहणार होती, दिग्दर्शक अरविंद देशपांडे मागे लागले म्हणून लिहिलं आणि बेणारे करणाऱ्या सुलभा देशपांड्यांनी ते अजरामर केलं. तरी त्यातली मेख बघा, ती एवढं बोलते ते आजूबाजूच्या एकालाही ऐकू गेलेलं नाही, सगळे थिजलेले, आणि ते संपल्यावर कोर्ट शांतपणे निकाल देतं की पोटातला गर्भ नष्ट करा. ज्या गुन्ह्यासाठी खटला भरला तोच गुन्हा शिक्षा म्हणून करायला सांगतात! नाटक १९६७ चं आहे, गर्भपाताचा कायदा आला १९७१ मध्ये, हे ग्रुपमधल्या नव्या पोरांना सांगा, नाहीतर त्यांना वाटतं एवढं काय त्यात. बेणारे दार उघडून निघून गेली तर प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळे होऊन घरी जातील. त्यांना मोकळं करायचं नाहीये.

प्रश्न: तुमच्या मते नाटकातले सगळे पुरुष व्हिलनच का? (ठाणे)

उत्तर: नाही. व्हिलन असला की सोपं जातं उलट. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधला गुलाबराव व्हिलन आहेच, बलात्कार करून मिशीला ताव देणारा, अंबिका त्याचा जो हिशेब करते त्यावर थिएटरमध्ये शहारे यायचे. पण मला जास्त अस्वस्थ करतो तो तेंडुलकरांच्या 'कमला'मधला जयसिंग. चांगला शिकलेला पत्रकार, बाजारात बाई विकली जाते हे सिद्ध करायला अडीचशे रुपयांत कमलाला विकत आणतो, पत्रकार परिषद भरवतो, वाहवा मिळवतो. आणि कमला त्याच्या बायकोला, सरिताला, अगदी सहज विचारते की तुला केवढ्याला घेतलं. सरिता आधी गोंधळते, मग सातशे म्हणून सांगते. जयसिंगने तिच्यावर हात उगारलेला नाही की काही नाही, फोन घे, डायरीत लिहून ठेव, पार्टीला चल, एवढंच.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, मंडळात दरवर्षी नाटक बसवतो. यंदा सहा बायका उत्साही आहेत आणि पुरुष मोजून दोन, तेही वेळ मिळाला तर येणारे. रडकं नको, भाषणबाजी नको, बायकांचं असं काही सुचवा ना. (मंडळाची सेक्रेटरी)

उत्तर: 'चारचौघी' हे पहिलं डोक्यात येतं. प्रशांत दळवींचं, १९९१ चं, २०२२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनीच नव्या संचात परत आणलं. लग्न न करता तीन मुली वाढवणारी आई आणि त्या तिघी. त्यात विद्याचा फोनवरचा एकटीचा लांब सीन आहे, समोर कोणी नाही, नवरा पलीकडे, आधी वंदना गुप्ते करायच्या, नव्यात मुक्ता बर्वे. तो जिला झेपेल अशी एक तरी बाई तुमच्यात आहे का ते आधी बघा, नसेल तर हात घालू नका, नाटक तिथेच बसतं. आणि मोठं आहे, तालमींना शनिवार रविवार पुरणार नाहीत.

हलकंफुलकं आणि गाण्यांचं हवं असेल तर ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो', १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेच्या बायकांनी गावोगाव केलेलं. नाटकाशी कधी संबंध नसलेल्या बायकांनी ते उभं केलं, त्यामुळे तुमच्या हौशी ग्रुपलाही झेपेल, सेट लागत नाही. संदर्भ आपल्या खेड्यापाड्यांतले आहेत, तिकडे वाढलेल्या मुलींना दोन वाक्यांत आधी समजावून सांगा. मिशा लावायला पुरुष कमी पडले तर बायकांनीच लावा, त्यात मजा येते.

आणि वाचनासाठी म्हणून सांगते, प्रयोगाचं नंतर बघू, खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'बायकांचे बंड' लिहिलं, त्याला गिरिजाबाई केळकरांनी काही वर्षांतच 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिलं. याच बाई १९२८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, आणि आज नाटकवाल्यांनासुद्धा नाव सांगितलं तर कोण म्हणून विचारतात. दोन्ही एकापाठोपाठ एक, निवडक प्रवेश, असं अभिवाचन केलंत तर सहा बायका आणि येतील न येतील ते दोन पुरुष, सगळे मावतात, पाठांतरही नको. कुठलंही निवडलंत तरी लेखकाकडे किंवा वारसांकडे परवानगीचं आत्ताच विचारा, तिकीट लावणार की फुकट तेही कळवा, मानधन त्यावर ठरतं, आणि उत्तर यायला महिनाभर सहज जातो.